सगळी शटलं सारखीच दिसतात

बारा वर्षं मी डिप्लोमाच्या वर्गाला थर्मोडायनॅमिक्स शिकवतेय, आणि बारा वर्षं फळ्यावर एकच वाक्य लिहितेय: एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था. घ्या लिहून, परीक्षेत दोन मार्क! आता ते वाक्य लिहायचं म्हटलं की माझं डोकंच फिरतं. त्यातली खोट कळायला मला सख्ख्या बापाच्या दुकानाची वाट लावावी लागली.

बाबांचं दुकान जुन्या पनवेलच्या बाजारात आहे, शिलाई मशीन दुरुस्तीचं. दुकान कसलं, बोळकांडं! फळ्यांवर श्रीखंडाचे जुने डबे, फरसाणाचे डबे, आणि सगळ्यांत तेलकट लोखंड. एकावरही चिठ्ठी नाही. बाबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं आणि ते सारखं पुढे ढकलत होते. भीती डोळ्याची नव्हती. "मिस्त्रीची नजर गेली असं एकदा बाजारात झालं ना, की मशीन घेऊन कुत्रंसुद्धा येणार नाही," असं रोज जेवताना म्हणायचे. शेवटी मी चिडून तारीख घेतली आणि त्यांना आमच्या विचुंब्याच्या फ्लॅटवर आणून बसवलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही.

आणि मग मला नको ती अक्कल सुचली. म्हटलं, बाबा नाहीत तोवर दुकान आवरून टाकू. दोन रविवार घासले मी त्यात. सगळे डबे सतरंजीवर पालथे केले. टाका घालताना दोरा गुंफणारी शटलं एका डब्यात, खालच्या दोऱ्याची बॉबिन केस दुसऱ्यात, कापड पुढे सरकवणारे दाते तिसऱ्यात. सुंदर चिठ्ठ्या लावल्या. अव्यवस्था गेली, एन्ट्रॉपी उतरली, मॅडम खूश!

तीन आठवड्यांनी बाबा दुकानात आले आणि फळ्या बघून स्टुलावर टेकले. "अगं, श्रीखंडाच्या डब्यातलं कुठाय? ती मोहल्ल्यातल्या खालांची मशीन होती."

तेव्हा उलगडा झाला. बाबा मशीन उघडली की तिचे भाग तिच्या एकटीच्या डब्यात ठेवतात. वर्षानुवर्षं एकत्र घासून भाग एकमेकांच्या अंगवळणी पडतात. या मशीनचं शटल त्या मशीनला बसतं, पण नांदत नाही. चार मशिनी उघड्या पडल्या होत्या आणि मी चौघींचं सगळं एकत्र केलं होतं.

"मग बघून ओळखा ना!" मी उलट त्यांच्यावरच खेकसले. "सगळी शटलं सारखीच तर दिसतात!"

"तुला सारखी दिसतात?" बाबांनी विचारलं. रागानं नाही, खरंच नवल वाटून.

घरी येऊन मी कागद घेतला. चार शटलं चार मशिनींना लावायच्या रीती चोवीस. बॉबिन केसच्या चोवीस, दात्यांच्या चोवीस. गुणाकार तेरा हजार आठशे चोवीस. त्यातली एकच बरोबर. माहितीच्या शास्त्रात हे मोजतात ते प्रश्नांत: नेमकी मांडणी कळायला हो-नाहीचे किती प्रश्न विचारावे लागतील? इथे जवळजवळ चौदा. आधी, बाबांच्या त्या उकिरड्यात, शून्य. त्यांना सगळं माहीतच होतं! एन्ट्रॉपी पसाऱ्यात नसते, ती न कळलेल्या गोष्टीत असते. आणि मला वाढ दिसलीच नाही, कारण मला शटला-शटलांत फरकच कळत नव्हता. एकाच जातीचे दोन वायू मिसळले तर एन्ट्रॉपी वाढत नाही, वेगळे मिसळले तर वाढते, हे मी दर वर्षी पोरांकडून घोकवून घेते. फरक ओळखणारा कोण, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. कर्म माझं!

बाबा आठवडाभर खपले. शटल बोटांत फिरवायचे, घासलेली कड चाचपायचे, बसवायचे, चाक फिरवून ऐकायचे, काढायचे. डोळ्यात थेंब टाकायला मी मागे लागले की वसकन अंगावर यायचे. तीन मशिनी लागल्या. चौथीला उरलेलं ते चौथीचंच, असा हिशेब मी ऐटीत मांडला. पण बाबांच्या तोंडावर समाधान नव्हतं. कुठेतरी दोघींची अदलाबदल राहिली होती आणि कुठे ते त्यांना सापडेना. मशिनी चालत होत्या सगळ्या.

खाला मशीन न्यायला आल्या. मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांचे कपडे त्या शिवतात, आणि बाबांखेरीज कुणाला मशिनीला हात लावू देत नाहीत. त्यांनी चिंधी घातली, एक लांब टीप मारली, थांबल्या. पुन्हा मारली.

"मिस्त्री, चालते बेस. पन ही माझी नाय. माझीचा आवाज मला ठाव हाय."

बाबांनी चष्मा काढला. "भाभी, डोळ्याचं ऑपरेशन झालं ना माझं. नीट दिसत नाही आता. माझ्याच हातून अदलाबदल झाली."

जे बाजारात होऊ नये म्हणून हा माणूस दोन वर्षं मोतीबिंदू घेऊन बसला, ते तो स्वतःच्या तोंडानं सांगत होता, आणि तेही माझ्यासाठी.

"खाला, खोटं आहे ते!" मी ओरडलेच. "यांचा काही संबंध नाही. मी सगळे डबे पालथे केले. मी!"

खालांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. त्यांचे डोळे भरून आले. "किती करतेस गं बापासाठी," त्या म्हणाल्या. "अल्ला अशी लेक सगळ्यांना देवो."

मी पुन्हा सांगितलं. चिठ्ठ्या दाखवल्या, माझं अक्षर दाखवलं, शपथ घेतली. खालांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बाबांना, लहान मुलाला सांगावं तसं हळू आवाजात, म्हणाल्या, "मिस्त्री, आता आराम करा."