आबांच्या दाराचं लाकूड

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निम्म्या गावाला दारं करून दिली, आणि आमच्या स्वतःच्या घराला पत्र्याचं दार होतं. वाऱ्याला धडाधड आपटायचं. आई टोमणा मारायची, "गावाला सागवान, आन आमाला डबड्याचा पत्रा." आबा हसून म्हणायचे, "करू की. पळून चाललंय व्हय दार?" आणि परत कुणाची तरी चौकट करायला बसायचे. अशी वीसेक वर्षं गेली.

मग मिरजेच्या डॉक्टरांनी आबांच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. काचबिंदू. फार उशिरा आलात. गेलेली नजर परत येत नसते. उरलीय ती औषधाचे थेंब टाकून टिकवायची, वर्षभर टिकली तरी पुष्कळ. बाजूला घेऊन काही उपयोग नव्हता, आबांचे कान शाबूत होते. परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत बसले. आष्टा आलं तसं एवढंच म्हणाले, "दार करून घ्याय पायजे आता."

लाकूड होतं. घरासमोरचा कडुलिंब त्याच उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला पाडला होता. आबांनीच लावलेला. ओंडके आरा मशीनवर नेऊन दोन इंची फळ्या काढून आणल्या, चौकटीसाठी जाड तुकडे वेगळे. दोन दिवस माझ्या तोंडात भुशाचा कडवटपणा होता, भाकरीसुद्धा कडू लागायची. फळ्या मात्र ओल्याचिंब. नख रोवलं की पाणी यायचं.

ओल्या लाकडाचं दार करून चालत नाही, ते नंतर आकसतं, पिळवटतं, फाटतं. हे मी सुताराच्या घरात जन्मल्यामुळे फुकटात शिकलो होतो. ते सावलीत रचून वाळू द्यायचं. आबांचा हिशेब ठरलेला होता, "इंचाला वरीस." म्हणजे आमच्या फळ्यांना दोन वर्षं. आणि आबांच्या डोळ्यांकडे एकच, तेही डॉक्टरांच्या भरवशावर.

"वाळलेलं सागवान आणतो की मी," मी म्हटलं. तर आबा म्हणाले, "जल्मभर दुसऱ्याच्या झाडाची दारं दुसऱ्याला केली. हे एक आपल्या झाडाचं, आपल्याला, आन माज्या हातचं. तेवढंच ऱ्हायलंय."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी सुतारकी केली नाही. आयटीआय केलं आणि इस्लामपुरात फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं. आबा त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते, पण त्यांचा रंधा कुणाच्या हातात जाणार हा प्रश्न आमच्या घरात न बोलता पडलेला असायचा. म्हणून त्या दिवशी मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. लाकूड वाळवायचं म्हणजे काय, त्यातलं पाणी काढायचं. एसी दिवसभर दुसरं काय करतो? थंड कॉइलवर हवेतलं पाणी धरतो आणि नळीतून बाहेर सोडतो! मी म्हटलं, "आबा, दोन वर्षांचं काम दीड महिन्यात करून देतो. पाणी काढणं हाच माझा धंदा."

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी चिडलो. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो.

मागच्या पडवीत आम्ही पेटी बांधली. दहा फूट लांब, माझ्या खांद्याएवढी उंच. प्लायवूडच्या भिंती, आतून थर्मोकोल, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. दाराला जुन्या फ्रिजांची रबरं काढून बसवली, श्वासभर हवा जाऊ नये म्हणून. एका हॉटेलातून काढलेला विंडो एसी अख्खाच्या अख्खा आत ठेवला. म्हणजे थंड बाजूने ओलावा धरायचा, गरम बाजूने तीच हवा तापवून परत फळ्यांवर सोडायची, आणि पाणी नळीतून बाहेर बादलीत. हवा फिरवायला दोन पंखे, ऊब धरायला बल्ब. ओलावा मोजायला दोन सुयांचं मीटर मागवलं.

फळ्या रचायचं काम आबांचं. फळीफळीत हवा खेळावी म्हणून इंचभर जाडीच्या पट्ट्या त्यांनी स्वतः काढल्या, सगळ्या एका मापाच्या. डोळ्याला नीट दिसत नव्हतं म्हणून प्रत्येक पट्टी चिमटीत धरून मोजत होते. वरची पट्टी खालच्या पट्टीच्या अगदी सरळ रेषेत, तसूभर इकडेतिकडे झाली की "काढ, परत लाव." फळ्यांची टोकं जुन्या ऑइलपेंटने माखली, कारण पाणी आधी टोकांतून पळतं आणि तिथंच चिरा पडतात. वर दगड ठेवले. मी आतून म्हणालो, "आबा, हे सगळं इंटरनेटवर अस्संच सांगितलंय." ते म्हणाले, "मग त्येला सुतार भेटला असंल."

खरं सांगतो, बापलेकांनी मिळून केलेलं ते आमचं पहिलं काम. चाळिशी ओलांडल्यावर! मला इतका आनंद झाला होता की मी दुकान चार-चार दिवस उघडत नव्हतो.

पहिल्या आठवड्यात रोज बादली भरायची. आबा सकाळी उठले की आधी बादलीपाशी. बोट बुडवायचे, वास घ्यायचे, "कडू हाय गड्या अजून," म्हणायचे आणि आईच्या शेवग्याला ओतून यायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, "पोरानं झाडातनं पाणी काढलंय, बगा." पोरगा! मी कान देऊन ऐकत असायचो. कधी नव्हे ते माझ्या धंद्याचं कौतुक त्या तोंडून येत होतं.

तिसऱ्या आठवड्यात बादली अर्ध्यावर आली, पाचव्या आठवड्यात पाव. मीटरचा आकडा हलेना. तसंच होतं, वरवरचं पाणी लवकर निघतं, पोटातलं हळूहळू येतं. पण त्याच सुमाराला एका संध्याकाळी आबा चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला गेले. कप फुटला. ते खाली वाकून तुकडे चाचपायला लागले आणि आई त्यांचा हात धरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या." त्या कपाने माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवशी मी पेटीत हीटर बसवला. उष्णता वाढवली, पंखे जोरात केले. पाणी परत धो-धो यायला लागलं. आकडा भराभर उतरला. मी मनातल्या मनात माझी पाठ थोपटली.

चार दिवसांनी आबा पेटीला कान लावून उभे होते. "लाकूड वाजतंय रं. टक टक करतंय. लय तापवलंस तू. जरा दम खाऊ दे त्येला."

"आबा, मीटर बघा की. कसं झकास उतरतंय."

"मला मीटर दिसत न्हाई. ऐकू येतंय."

"मीटर खोटं बोलत नाही," मी म्हटलं, आणि मलकापूरला एका कार्यालयाचं एसीचं काम होतं तिकडे दोन दिवसांसाठी निघून गेलो.

परत आलो तर पेटी बंद. आवाज नाही, पंखा नाही. दार उघडलं तर आतून कोंदट वाफ तोंडावर आली आणि फळ्यांवर पांढरी बुरशी. कापूस पिंजून टाकावा तशी, सगळ्या फळ्यांवर. बटण कुणी बंद केलं म्हणून ओरडलो. आबा ओसरीवर दोन शेजाऱ्यांबरोबर बसले होते. तिथूनच म्हणाले, "म्या बंद केलं. काल अमावस्या हुती."

अमावस्येला सुतार हत्याराला हात लावत नाही. आमच्याकडे त्या दिवशी पटाशी, रंधा, करवत, सगळं पुसून पेटाऱ्यात जातं, हळदकुंकू लागतं. गावातल्या कुणालाही विचारा. पण म्हणून माझा एसी? माझं डोकं फिरलं. शेजारी बसलेत, आई दारात उभी आहे, काही बघितलं नाही. म्हणालो, "डोळं चाललंत ते चाललंत, अक्कलबी संगट चालली का? दीड महिन्याची माती केलीसा!"

जन्मात मी आबांना असं बोललो नव्हतो. शेजारी चपला शोधायला लागले. आबा थोडा वेळ माझ्या दिशेने बघत राहिले, मी नेमका कुठे उभा आहे ते त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. मग म्हणाले, "बुरशी हाय. रंद्याच्या एका हाताला निगंल." आणि भिंत धरून आत गेले.

मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती, त्याच संध्याकाळी, जेवायच्या आधी. मला वाटत होतं चूक त्यांची आहे, त्यांनी बोलावं. मी पेटी परत तापवून दहा-बारा दिवसांत आकडा हवा तिथे आणला आणि जाऊन सांगितलं, "आबा, फळ्या तयार आहेत." ते म्हणाले, "आता मला दिसत न्हाई रं. जाऊ दे."

दिसत होतं. काठीशिवाय देवळात जात होते. ताटातला खडा वेचून काढत होते. त्यानंतर चांगले चार महिने त्यांची नजर होती, आणि ते चारही महिने ते ओसरीवर मांडीवर हात ठेवून बसून राहिले. पेटारा उघडला नाही. आई एकदा मला म्हणाली, "तू एकदा बोल त्यांच्याशी." मी म्हटलं, "बोलतो." जित्याची खोड. बोललो नाही. पावसाळा संपता संपता एका सकाळी त्यांनी आईला विचारलं, अजून उजाडलं नाही का. ऊन ओसरीवर आलं होतं.

दार मी सांगलीहून तयार आणलं. दोन माणसांनी तासाभरात बसवलं. आबांनी त्यावरून एकदा हात फिरवला.

फळ्या वर्षभर पडवीत तशाच होत्या. मला बघवत नव्हत्या. गेल्या महिन्यात दुकानात फळ्या मारायच्या होत्या म्हणून म्हटलं, निदान तेवढ्याला तरी कामी येतील. एक फळी घेतली, रंधा मारला. आबा म्हणाले होते तस्संच, बुरशीचा डाग पहिल्याच हाताला निघाला. खाली पिवळंधमक लाकूड, एक चीर नाही. मग मधोमध कापली. कापलेल्या तोंडावर भोकंच भोकं. वरून अखंड, आतून पोटात उभ्या फटी, माझं बोटाचं नख जाईल एवढ्या. दुसरी कापली, तीच गत. तिसरी, चौथी.

अशा फटी बुरशीने पडत नाहीत. मशीन बंद ठेवल्याने तर नाहीच नाही, उलट बंद ठेवल्याने लाकडाला विसावा मिळतो. घाईने तापवलं की वरचा थर आधी सुकून घट्ट होतो आणि आतलं आकसायला लागलं की पोट फाटतं. हे सगळं त्याच इंटरनेटवर लिहिलं होतं. मी वाचलंही होतं, उष्णता वाढवायच्या आधी.

तो तुकडा घेऊन मी ओसरीवर गेलो आणि आबांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला. एका फटीवर थांबला, मग दुसरीवर.

"व्हय," ते म्हणाले. "तवाच वाजत हुतं. तू मलकापूरला जायच्या आधीपासनं."

"मग अमावस्या?"

त्यांचा अंगठा फटीवरच होता. "आधीच्या अमावस्येला मीच न्हवती का बादली ओतली? यंत्राला कसली आलीया अमावस्या. लाकूड फाटतंय हे कळत हुतं, तुला सांगून तू ऐकंनास. म्हटलं, आमुशेचं नाव सांगून एक दीस तरी थंड करावं. तुजी मशीन चुकली म्हटलं असतं तर तुला लय लागलं असतं. एवढ्या हौसेनं केलीवतीस."

मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आबा, चुकलं माझं. लई चुकलं." रडत होतो, लाज वाटली नाही. त्यांनी अंदाजाने हात पुढे केला, तो माझ्या कानावर पडला, मग डोक्यावर गेला. बराच वेळ तिथेच होता.

मग दुसऱ्या हातातला तुकडा त्यांनी माझ्याकडे केला.

"आईला दे चुलीत घालाय," म्हणाले. "वाळलंय मातूर चांगलं."