उस्सी आजाची टाकी आणि कोंबोचं अरे-तुरे

नाव कोंबो आणि धंदा हवा कोंबायचा. आपल्याला हसू येईल, पण पेंबा बेटावर कोंबो नावाचे पुष्कळ आहेत, तिथे कुणी हसत नाही. म्कोआनी बंदराच्या धक्क्यामागे पत्र्याची शेड आहे, तिथे हा कोंबो समुद्रात बुड्या मारणाऱ्या माणसांच्या हवेच्या टाक्या भरून देतो. टाकी पाण्याच्या हौदात उभी करायची, नळी जोडायची, कॉम्प्रेसर चालू करायचा आणि काट्यावर नजर ठेवून तिच्या शेजारी उभं राहायचं. शेजारी उभं राहायचं, एवढं लक्षात ठेवा. सगळी भानगड तिथेच आहे.

कोंबो मुळात भित्रा. या धंद्यात ते बरंच म्हणायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या टाक्यांना तो हात लावत नसे. त्या काळच्या धातूची एक जात अशी निघाली, की वर्षानुवर्षं दाब सोसून टाकीच्या मानेत, आट्यांच्या जागी, केसाएवढा तडा जातो. बाहेरून टाकी ठणठणीत. आणि मग कधीतरी भरता भरताच फुटते. पाण्यात उतरणारा राहतो बाजूला, जातो तो भरणारा.

आणि नेमकी तसलीच टाकी होती उस्सी आजाची. उस्सी आजा म्हणजे कोंबोच्या बायकोचा, रिझिकीचा, आजा. एके काळचा नावाजलेला पाणबुड्या. ही टाकी त्याला एका परदेशी माणसाने जाताना दिली, तेव्हा कोंबो जन्मालाही आला नव्हता. दर ईदला आजा तिला नवा हिरवा रंग द्यायचा. रंगाचे इतके थर चढले होते, की सालाचा शिक्का कधीच बुजला होता. आजवर पाहुण्यांना समुद्रात उतरवणाऱ्या एका हॉटेलातून ती निमूटपणे भरून मिळत होती. मग तिथे नवा माणूस आला आणि त्याने टाकी दारातूनच परत पाठवली.

आता तिकडची रीत अशी, की आजा आणि नातीचा नवरा यांनी एकमेकांची थट्टाच करायची. आजा नातीला ‘माझी बायको’ म्हणतो, म्हणजे तिचा नवरा आपोआपच चोर ठरतो. याला तिथे ‘उतानी’ म्हणतात. काय वाटेल ते बोला, राग मानायचा नाही. कोंबो लग्नापासून इमानेइतबारे म्हाताऱ्याला शिव्या घालत आला होता.

“ए चोरा,” शेडच्या दारात टाकी टेकवून आजा म्हणाला, “माझ्या होडीचा नांगर खडकात अडकलाय. भर ही. मी स्वतः उतरणार आहे.”

“ही नाही भरणार, म्हाताऱ्या. ही फुटेल आणि मी मरेन.”

“वा! म्हणजे माझी बायको मला परत मिळेल!”

“अरे, थट्टा नाही करत मी!”

“शाब्बास! तोंड बघा कसं केलंय मेल्याने!”

कोंबोने दुसऱ्या दिवशी शेडवर पाटी लावली, ‘जुन्या टाक्या भरून मिळणार नाहीत.’ आजा कॉफीच्या ओट्यावरची अख्खी मंडळी घेऊन पाटी बघायला आला. “बघा, बघा! निव्वळ माझा अपमान करायला पाटी रंगवून घेतली पोराने! असा नातजावई मिळायला नशीब लागतं!” मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कोंबोने कपाळाला हात लावला, तर त्यालाही टाळ्या.

मग त्याने चाके गावाहून सेइफ नावाचा तपासनीस बोलावून आणला. सेइफने टाकीतली हवा सोडली, वरचा नळ काढला, मानेत दिवा आणि इवलासा आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, “तडा आहे. ही मोडीत काढा.”

आजाने त्याला कडकडून मिठी मारली. “काय नट आणलायस रे चोरा! जराही हसला नाही!” आणि बक्षीस म्हणून हलव्याचा डबा त्याच्या हातात कोंबला. सेइफ बिचारा डबा घेऊन गेला. दुसरं काय करणार? आजाने नळ पुन्हा घट्ट बसवून टाकला.

“तूच सांग ना त्याला,” कोंबो बायकोला म्हणाला.

“सांगितलं. म्हणतो, नवऱ्याने पढवून पाठवलं तुला,” रिझिकी म्हणाली. “आणि तू रे? लग्न झाल्यापासून त्याच्याशी एक तरी वाक्य धड बोललायस का?”

शुक्रवारी नमाजाहून कोंबो परतला, तर लांबूनच कॉम्प्रेसरची धडधड ऐकू आली. शेडमध्ये आजा हौदाच्या काठावर बसला होता, हिरव्या टाकीला नळी जोडलेली, काटा वर चढत होता.

“बंद कर, म्हाताऱ्या! मरशील!”

“तूच मर!” आजा खुशीत ओरडला.

बटण टाकीच्या पलीकडे, आजाच्या हाताशी. कोंबोला दरदरून घाम फुटला. बाहेर पळावं असं त्याला फार वाटलं, खोटं कशाला बोला. पण तो आत गेला, थेट टाकीजवळ, आणि म्हाताऱ्यापुढे वाकला.

“शिकामो, आजोबा.”

शिकामो हा वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. उतानीतल्या माणसाच्या तोंडून तो कुणी कधी ऐकलेला नसतो.

“तुमच्या पाया पडतो,” कोंबो म्हणाला. “बंद करा हे. तुम्हाला काही झालं तर मी काय करू?”

आजाचं हसू जागच्या जागी विझलं. “कोण मेलं?”

“कुणी नाही.”

“मग ‘तुम्ही’ कशाला म्हणतोस? खरं सांग, कोण मेलं?”

“अजून कुणी नाही, आजोबा.”

आजाचा हात मागे गेला. कॉम्प्रेसर थांबला. कोंबोने नळ उघडला, तशी कोंडलेली हवा फुसफुसत बाहेर पडू लागली. ती पार संपेपर्यंत दोघंही शेडबाहेर उन्हात उभे राहिले.

“शिवी दे,” आजा म्हणाला.

“काय?”

“शिवी दे मला. लवकर दे. तू आजोबा म्हणालास ना, मला वाटलं मीच मेलो.”

कोंबोने तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदकाच आला.

“दे की रे!”

“म्हाताऱ्या,” डोळे पुसत कोंबो म्हणाला, “टाकीच्या आधी तुझंच डोकं तपासून घ्यायला हवं होतं. त्यातही नुसती हवाच आहे.”

“हां!” आजाने मोठा श्वास सोडला. “आता बरं वाटलं. चल, शेडमधल्या दोन नव्या टाक्या घे, चोरा. नांगर काढायला तूही उतरायचंस माझ्याबरोबर.”

आणि होडीपर्यंत त्याने कोंबोचा हात काही सोडला नाही.