धूर दिलेला घड

जळगावच्या फलाटावर मला सोडायला आई आली होती, वडील, म्हणजे नाना, आले नव्हते. गाडी सुटली तेव्हा ते नशिराबादला आमच्या केळीच्या बागेत मोट हाकत होते. निरोप मी सकाळी बांधावरच घेतला होता. पाया पडलो तेव्हा त्यांनी बैल थांबवले नाहीत, एवढंच म्हणाले, "या लागवडीची दोन पिकं निघू दे. बाग मोडू, तवा परत ये."

स्वातंत्र्याला तेव्हा वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक होतो आणि कलकत्त्याच्या एका कापसाच्या पेढीला हिशेब लिहिणारा हवा होता. नानांची मुदत मला सोयीची वाटली. केळीच्या माणसाची वर्षं लागवडीवर मोजली जातात, एक लागवड म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. ती लागवड मोडली, मी गेलो नाही. दुसरी मोडली, तोवर माझं लग्न होऊन कलकत्त्यातच भवानीपूरला दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं होतं आणि मुलगी मंगल चार वर्षांची झाली होती. तिसरी मोडायच्या उन्हाळ्यात नाना आणि आई स्वतःच आले. पत्रात लिहिलं होतं, नातीच्या सुटीत कलकत्ता पाहायला येतो. पण हावड्याला उतरताच आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुले न्यायले आले ते. मृगाची लागवड तुह्या हातची पायजे म्हनतात. वाकडं बोलू नको."

मी पेढीतून आठ दिवसांची रजा काढली होती. पहिल्या दिवशी ट्राममधून गंगेचा घाट, मग मोठं मैदान, मग कालीचं दर्शन, असा बेत होता. घाट झाला. मैदान पाहून नाना म्हणाले, "एवढी जागा, अन् एक तास नही." म्हणजे नांगराचं एक तासही नाही. मंदिराकडे जाताना वाटेत बाजार लागला आणि पुढचा बेत तिथंच संपला.

एका बाईपुढे केळीच्या खांबाचे सोललेले पांढरे तुकडे भाजी म्हणून मांडलेले होते. नाना उकिडवे बसून ते पाहत राहिले. "दुष्काळ पडला काय ब इकडे? आमी हे ढोराले टाकतो." शेजारी हिरव्यागार केळ्यांचे घड रचलेले होते. त्यांनी एक घड उचलून तोलला. "माल चांगला हाये. पन कच्चाच इकून ऱ्हायले. पिकवायची भट्टी लावायची अक्कल नही कोनाले."

मी म्हणालो, "नाना, ही केळी पिकवून खायची नाहीत. भाजीची जात आहे. आम्ही घरी करतो."

त्यांनी माझ्याकडे न पाहता मंगलला विचारलं, "तुहा बाप केळीतलं मले शिकवतो, पाह्यलं का?" मंगल हसली आणि बंगालीत त्या बाईशी घासाघीस करू लागली. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचा एकही शब्द त्यांना कळत नव्हता. भाव ठरला, घड खांद्यावर घेऊन ते ट्राममध्ये चढले आणि कंडक्टरशी खानदेशीत भांडले. कंडक्टर बंगालीत भांडला. दोघांचंही समाधान झालं.

घरी येऊन त्यांनी माझ्या बायकोची, सुशीलाची, पत्र्याची पेटी रिकामी करायला लावली. तळाला पेंढा घातला. गोवरी आणायला सांगताना इथं मिळेल की नाही याची त्यांना शंका होती, पण गल्लीच्या भिंतीवरच थापलेल्या गोवऱ्या दिसल्या तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा ते खूश झाले. खापरात निखारा ठेवून त्यांनी पेटीत धूर कोंडला आणि झाकणावर ओलं पोतं टाकलं. खोकत खोकत मला म्हणाले, "चौथ्या दिवशी पाह्य. पिवळं सोनं. मंग बोलू आपन." काय बोलायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला तो धूर आवडत होता. तो आमच्या गावच्या भट्टीचा वास होता.

घडाची खालची एक फणी पेटीत मावली नव्हती. सुशीलानं काही न बोलता तिची भाजी केली. संध्याकाळी नाना जेवायला बसले. फोड पाहून आधी त्यांनी ती बोटांनी दाबली. मग खाल्ली. मग ताटाबाहेर हात काढून उरलेलं एक कच्चं केळ मागितलं, त्याच्या कडांवरून अंगठा फिरवला, नखानं साल उचकटली, चीक पाहिला. आईचा घास हातातच राहिला होता.

"जात येगळी हाये," ते म्हणाले.

मग सुशीलाकडे वळून ते म्हणाले, "पेटी उघड, सूनबाई. ज्याले पिकायचं नही, त्याले कितीक धूर द्याचा?"

मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी विचारलं, "तुले आवडते ही भाजी?"

"हो, नाना."

"मंग जेव."

राहिलेले सात दिवस त्यांनी कलकत्ता नीट पाहिलं. लागवडीचा विषय निघाला नाही. मृगात पत्र आलं, की बाग माझ्या चुलतभावानं लावली आणि कंद चांगले आहेत. त्या पत्रात मला बोलावणं नव्हतं. ते नसल्याचं मला सुख झालं की दुःख, याचा हिशेब मला आजही लावता आलेला नाही.

सुशीलाच्या त्या पेटीला पुढं कितीतरी दिवस धुराचा वास येत होता. लुगडी उन्हात घातली तरी जाईना. ती कुरकुर करायची, मी मात्र कारण नसताना पेटी उघडून बसायचो. अजूनही कोणी गावाकडून येतं आणि विचारतं, "घर कुठं हाये तुहं?" गाव विचारलं तर उत्तर एकच आहे, नशिराबाद. पण घर म्हणून मी आता भवानीपूर सांगतो. नाना तिथल्या जमिनीवर पाट घेऊन बसले होते आणि मला जेव म्हणाले होते.