भाऊजी आणि कापसाची ओळख

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आमच्या भाऊजींइतका कंजूष माणूस नाही, हे मी त्यांची धाकटी मेव्हणी म्हणून छातीठोक सांगते. पैशाला त्यांचा हात सैल. कंजुषी सगळी बाइटची, म्हणजे यंत्राच्या आतल्या जागेची. मलकापुरात दुकानामागच्या खोलीत बसून त्यांनी कापूस, तूर, सोयाबीन यांचा ओलावा मोजणारं यंत्र बनवलं. त्यातली चिप इतकीशी, की तिच्यात प्रोग्रॅम बसवणं म्हणजे शेवटच्या एसटीत वऱ्हाड कोंबणं. त्यांच्या त्या सी प्लस प्लस भाषेत एक सोय असते म्हणे, रनटाइम टाइप इन्फर्मेशन. म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना प्रत्येक वस्तूजवळ आपल्या प्रकाराची चिठ्ठी असते, मी तूर, मी कापूस; शंका आली तर विचारता येतं. पण चिठ्ठ्यांना जागा लागते आणि विचारण्यात वेळ जातो, म्हणून भाऊजींनी ती सोयच बंद करून टाकली होती. "पेरतानीच बियाणं ओळखून घ्या. उगवल्यावर झाडाले काय विचारता, बाप्पा, तू बीटी हायेस का साधं?" हे ते आल्यागेल्याला ऐकवायचे. त्या वर्षांत बीटीच्या नावाखाली कुणी काहीही विकत होतं, त्यामुळे ऐकणारा मान डोलवायचाच.

बरं, हा बाणा चिपपुरता ठेवावा की नाही? छे! घरातल्या डब्यांवरची लेबलं त्यांनी खरवडून काढली. पाहुण्यांची ओळख करून देणं तर पापच. मला बघायला नांदुऱ्याहून मंडळी आली, तेव्हा मुलाचे वडील पत्रिका उघडून गॅसची टाकी आणणाऱ्याशीच बोलत बसले. त्याचं गोत्रसुद्धा विचारून झालं. ताईनं कपाळावर हात मारला. भाऊजी शांत. "मले मालूम होतं ना, कोण कोण हाये ते." तरी माझं लग्न तिथेच जमलं, ही त्या टाकीवाल्याची पुण्याई!

पुढे एका वर्षी पावसानं दगा दिला आणि बोंडअळीनं बीटीलाही जुमानलं नाही. भाऊजींचं यंत्र तेव्हा मार्केटात नुकतंच लागलं होतं. तिथे टिकलं तर जिल्हाभर जाणार होतं. ताई आणि मी त्यांचा डबा घेऊन पोचलो, तर रोहिणखेडची एक चाची उरलासुरला कापूस घेऊन उभी. यंत्र म्हणालं, ओला. व्यापाऱ्यानं तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"ओला कसा जी?" चाची कडाडली. "कापूस घरात ठेवला न् आमी अंगनात झोपलो!"

भाऊजींनी गाडीत कोपरापर्यंत हात घातला, एक सरकी काढून दाताखाली फोडली. कट्ट वाजली. सगळ्या व्यापाऱ्यांसमोर ते म्हणाले, "चाची, तुमचा कापूस कोरडा हाये. खोटं माहं मशीन बोलून राह्यलं." सकाळी तूर मोजून झाल्यावर बटण कापसावर आणलं, तरी आत हिशेब तुरीचाच चालू राहिला होता, आणि विचारायला चिठ्ठीच नव्हती. दुसरा कुणी असता तर बॅटरीवर ढकलून मोकळा झाला असता! मला आमच्या भाऊजींचा असा अभिमान वाटला, की डोळे भरून आले. चाचीचा कापूस विकला गेला. यंत्र मात्र व्यापाऱ्यानं परत दिलं. नीट करून आणा, मग पाहू म्हणाला.

आता चिठ्ठ्या चालू कराव्या तर चिपमध्ये जागा नाही. भाऊजींनी घड्याळ काढलं, सुरू होतानाची धून काढली, तरी मूठभर जागा कमीच. यंत्र लावलं की पडद्यावर सगळ्यात आधी त्यांचं नाव यायचं. त्या माणसानं स्वतःची केलेली तेवढीच एक हौस. तीही पुसली. ताईला रडू आवरेना.

"तुमचं नाव काऊन काढलं?"

"कापसाले जागा पायजे होती," भाऊजी म्हणाले आणि जेवायला बसले.

आज ती यंत्रं गावोगावच्या मार्केटांत चालतात. आधी कापूस की तूर ते उमटतं, मग आकडा. बनवणारा कोण, कुणाला ठाऊक नाही. मार्केटात गेले की मी यंत्रापाशी उगाच उभी राहते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगते, "हे आमच्या भाऊजींनी केलंय बरं का." तो बरं म्हणतो, आणि आपल्या कापसाकडे बघायला लागतो.