पाठ न दाखवणारा मशीनवाला

हैदराबादच्या मशीनवाल्यानं मला फसवलं. मीच त्याला फसवलं असं तो जालन्याला आला की मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सांगत असतो, आणि बोलणं गोड असल्यानं लोकांना ते पटतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

तेव्हा एमआयडीसीत एका बियाणे कंपनीचं नवं ऑफिस झालं होतं. वरच्या मजल्यावर मीटिंगचा हॉल होता आणि त्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून बसवलेला निळा गालिचा. आमच्याकडं गालिचा म्हणजे लग्नात अंथरायचा आणि दुसऱ्या दिवशी उन्हात झोडपायचा. हा उचलताच येत नव्हता. शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यांची काजळी बुटांबरोबर आत यायची, आणि निळा गालिचा बघता बघता म्हशीच्या रंगाचा झाला. झाडलोटीचं काम माझ्याकडं होतं. मॅनेजर साहेबांनी बोलावून सांगितलं, "विक्रेत्यांच्या मेळाव्याआधी गालिचा स्वच्छ पाहिजे. मशीन तुमचं स्वतःचं आणा. जमलं तर सगळ्या इमारतीचं वर्षाचं काम तुमचं. नाहीतर औरंगाबादची पार्टी तयारच आहे."

मी हमालीतून वर आलेला माणूस. माल पारखायला शिकलो तो बैलबाजारात. तिथं दात बघतात, पण सौदा पक्का करायच्या आधी बैल जुंपूनही बघतात. मशीनला दात नव्हते, म्हणून जुंपायचंच ठरवलं. तीन विक्रेत्यांना तीन वेगळ्या दिवशी बोलावलं आणि प्रत्येकाला म्हणालो, "आधी चालवून दाखवा." मनातल्या मनात हॉलचे तीन पट्टे पाडले होते, प्रत्येकाला एक. ही लबाडी ज्याला वाटत असेल त्यानं कधी बैल घेतलेला नाही.

पहिल्याचं मशीन म्हणजे चाकांवरची टाकी, तिला लांब नळी आणि नळीच्या टोकाला दांडा. नळी सारखी खुर्च्यांच्या पायात अडकत होती. तो म्हणाला, "नळी धरायला एक गडी ठेवा." मी म्हणालो, "मंग त्या गड्याला धरायला कोण ठेवू?" दुसऱ्याचं मशीन पुण्याहून आलं. ते एवढं थोरलं की जिन्यात अडकलं आणि चौघांनी ढकलून वर चढवलं. दोघांनी आपापला पट्टा धुतला, चहा घेतला आणि गेले.

तिसरा हा हैदराबादचा. त्याच्या मशीनला बाहेर काही लोंबत नव्हतं. एकाच धडात चांगल्या पाण्याची टाकी, घाण पाण्याची टाकी, पोटाखाली फिरता ब्रश आणि पाणी ओढून घेणारी मोटर. दारातून अंग न चोरता गेलं. मी स्वतः ते उचलून जिना चढून पाहिला, कारण पुढं रोज उचलायचं आम्हालाच होतं. पाणीही बेतानं पीत होतं. आमच्या गावात नळाला पाणी येणं ही बातमी असते. बोअरचं खारं पाणी चालेल का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, फवाऱ्याची तोंडं अधूनमधून सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवून ठेवा. मनात मी त्याच क्षणी मशीन घेतलं. चेहऱ्यावर मात्र बैलाला लंगडा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा भाव ठेवला.

त्यानं हॉलभर नजर फिरवली. दोन पट्टे निळे, तिसरा काळा.

"सेठ, ये दो पट्टे किसने धोए?"

"पाऊस आल्ता," मी म्हणालो.

"छत के अंदर?"

"आमच्याकडं कुठंबी पडतो."

तो हसला. साहेब दारात येऊन उभे राहिले होते. त्यानं मशीन दाराशी लावलं, दांडा दोन्ही हातांनी धरला, कमरेत जरासा वाकला आणि तोंड साहेबांकडं ठेवून मागं मागं जाऊ लागला. भिंतीला टेकला की मशीन उचलून पुन्हा दाराशी यायचा, पुन्हा तसाच वाकून मागं. मी बघतच राहिलो. दर्ग्यातून निघताना माणसं पाठ न दाखवता मागं सरकतात, ते मी लहानपणापासून पाहत आलो होतो. म्हटलं, ही जुन्या हैदराबादची रीत. मोठ्या माणसाला हा पाठ दाखवत नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "क्या अदब है भाई. साब को पीठ नहीं दिखाई."

तो थांबला. माझ्याकडं नीट पाहिलं. मग आदाब करतात तसा कपाळाला हात लावून म्हणाला, "शुक्रिया, सेठ."

हा शब्द लक्षात ठेवा.

त्यानंतर माझं लक्ष घाण पाण्याच्या टाकीकडं गेलं ते तिथंच राहिलं. असलं काळंभोर पाणी पाहिलं की माणसाचा जीव निवतो. सौद्यात मी त्याला इतकं पिळलं की जाताना त्यानं माझा चहासुद्धा घेतला नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळा हॉल एकसारखा दिसावा म्हणून पुन्हा धुवायला काढला. कामाला अंबडकडच्या दोघी जावा होत्या, जन्मभर पेरणीला तिफणीमागं चाललेल्या. मी त्यांना सांगितलं, "तो हैदराबादी होता, त्याचे नखरे त्याच्यापाशी. आपण आपलं सरळ पुढं चालायचं." त्या सरळ पुढं चालल्या. भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, तिफणीचं तास धरल्यासारख्या. दुपारपर्यंत टाकीमागून टाकी रिकामी झाली आणि घाण पाण्याच्या टाकीत तांब्याभरसुद्धा जमलं नाही.

साहेब बघायला आले. त्यांच्या बुटाखाली पचकन आवाज झाला.

"आपण कापसाचं बियाणं विकतो," ते म्हणाले. "इथं भात कोण लावतंय?"

मी धावत एसटीडी बूथ गाठला, मशीनवाल्याला झालेलं सांगितलं आणि जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या सगळ्या ऐकवल्या. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"उल्टा चलो, सेठ. पानी खींचने का मुँह आगे है, फव्वारा पीछे. सीधे चले तो पानी गिरने के पहलेच मुँह निकल जाता."

"मग तेव्हा बोलायचं ना."

"मैं पूरा चल को दिखाया. तुम पानीच देख रहे थे."

"आता काय करू? सकाळी माणसं येतील."

"बारिश का पानी है, सेठ," तो म्हणाला. "धूप निकली तो सूख जाएगा." आणि फोन ठेवला.

मग आम्ही तिघं उलटे चाललो. त्या दोघी आळीपाळीनं मशीन ओढत होत्या, मी वायर सावरत होतो, आणि सगळे एकमेकांवर आपटत होतो. थोरली जाऊ म्हणाली, "भाऊ, असं मागं मागं चालून राह्यलो तर आम्ही घरी कधी पोचायचं?" मांडववाल्याचे मोठे पंखे आणून लावले. सकाळपर्यंत गालिचा सुकला, एक कोपरा सोडून. नेमक्या त्याच कोपऱ्यात कुणीतरी बियाण्याच्या नमुन्याच्या पिशव्या रचल्या, आणि त्या खालून भिजल्या. बियाण्याच्या कंपनीत बियाणं भिजवणाऱ्याला वर्षाचं काम कोण देणार? ते औरंगाबादच्या पार्टीला गेलं. त्यांनी मशीन घेतलं ते याच माणसाकडून, आणि त्यांच्या पोरांना यानं पहिल्या दिवशी पहिलं वाक्य सांगितलं, उल्टा चलो. मी तेव्हा माझ्या बादल्या-झाडू न्यायला आलो होतो, जिन्यातच होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

मशीन खोटं होतं असं मी कधीच म्हणालो नाही. त्याच मशीनवर मी जालन्यातली मंगल कार्यालयं धरली, सोफे धुतले, घर बांधलं. निवड माझी होती आणि ती बराबर होती. पट्ट्यांचं म्हणाल तर ते जुंपून बघणं होतं, बाजारात सगळेच बघतात.

पण भल्या माणसा, मी अदब म्हणालो तेव्हा तू थांबलास. माझ्याकडं पाहिलंस. मी काय समजून बसलोय हे तुला तिथंच कळलं होतं. एक शब्द बोलला असतास तर ती इमारत माझी होती. त्याऐवजी कपाळाला हात लावून तू शुक्रिया म्हणालास. मोंढ्यात गोष्ट सांगतोस तर इथपर्यंत सांग, आणि ते शुक्रिया कशाबद्दल होतं, याचा जाब चार माणसांसमोर दे.