गजामामांचा रविवार

मी माझ्या मामांचा रविवार घालवला. एका वाक्यात घालवला, आणि तेही साहेबाला हसवण्यासाठी. मामा आता नाहीत. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना ते कसे होते हे सांगायचं, तर आधी हे सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं कौतुक मला शोभणार नाही.

गजामामा इंदूरच्या एका कापडगिरणीत जॉबर होते, म्हणजे माग चालवणाऱ्यांवरचे मुकादम. बड्या गणपतीजवळ दोन खोल्यांत ते आणि मामी राहत. कॉलेजसाठी आलो आणि नोकरी लागल्यावरही मी तिथेच राहिलो. मामांना जगातलं फारसं काही पसंत नव्हतं. शेजाऱ्यांची भाजी, नगरपालिकेचे नळ, मुंबईचे पाहुणे, पाकिटातला मसाला, सगळ्यांना एकच शेरा, ‘बेकार’. मी हौसेने मिक्सर आणला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे घरात शिरलेल्या बकरीकडे पाहावं तसं पाहिलं.

त्यांच्या शेऱ्यातून सुटलेली एकच गोष्ट होती, रविवारची सुट्टी. त्या दिवशी मामीला चुलीकडे फिरकायची बंदी. अश्विनात परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत असे आणि मामा पाटावर बसून सांवेरकडून आलेले देशी भुट्टे किसत. मग हिंग-मोहरी, हिरवी मिरची, आणि तुपावर तो कीस मंद आचेवर तासभर. वर थोडं थोडं दूध. घाई केली की ऐकवत, “दूध पिऊन त्याला तूप परत सोडू दे. तुझ्यासारखा घाईवर आलेला नाही तो.” जेवण झालं की चटई टाकून, तोंडावर पंचा घेऊन चार वाजेपर्यंत झोप. मी पुस्तक उघडलं तर पंच्याखालून आवाज येई, “रविवारी वाचतोस, मग सोमवारी काय झोपणार?”

मग गिरणी बंद पडली. मला वाटलं, आता यांचा रविवारही संपला. झालं उलटंच. सोमवार ते शनिवार मामा जुन्याच वेळेला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन सायकलवर गिरणीकडे जात. बंद गेटासमोर चहाची टपरी होती. तिच्या बाकावर गेट उघडायची वाट पाहत आणखी काही जणांबरोबर बसत आणि संध्याकाळी परत येत. आठवड्यात दिवसा अंग टेकत नसत. एकदा ताप होता म्हणून मामी म्हणाली, पडा जरा. तर म्हणाले, “फोकटचा आराम अंगी लागत नाही.” म्हणजे सहा दिवस त्या बाकावर बसून ते रविवार कमावत होते. हे मला आज कळतं. तेव्हा मला तो विनोद वाटे.

कारण तेव्हा मी मोठा माणूस झालो होतो. परदेशी टीव्ही विकणाऱ्या कंपनीत होतो, शनिवार-रविवार सुट्टी, आणि तिला आम्ही वीकएंड म्हणत असू. कोणी पचमढीला ‘रिलॅक्स’ करायला गेला की मामा म्हणत, “आठवडाभर खुर्चीत बसून दमायचं आणि सुट्टीत गाडीत बसून आराम करायचा. वा रे भिया.”

त्या अश्विनात आमच्या माथुरसाहेबांना घरचं इंदुरी खायचं होतं. दिल्लीचा माणूस, माझी बढती त्यांच्या हातात. मी त्यांना आणि ऑफिसातल्या दोघांना रविवारी घरी बोलावलं. बाहेर झड लागली होती. मामांनी सकाळपासून कीस केला, कणकेचे गोळे उकडून-भाजून दाल-बाफले केले, स्वतः वाढले. साहेब खूश होऊन म्हणाले, “मामाजी, ग़ज़ब है. रोज़ बनाते हैं क्या?”

मामा उत्तर देणार, त्याआधी मी बोललो. “इनका क्या है सर, मिल बंद है. इनका तो रोज़ ही संडे है.”

सगळे हसले. मीच सगळ्यात मोठ्याने. मामांच्या हातात तुपाची वाटी होती. त्यांनी साहेबांच्या बाफल्यावर तूप घातलं, माझ्याही घातलं आणि वाटी खाली ठेवली. त्या दुपारी चटई पसरली गेली नाही.

पुढच्या रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघाले. मामीने विचारलं, आज कुठे? म्हणाले, “जिथे रोज जातो तिथे. मला सगळे दिवस सारखेच.” त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच. किसणी फळीवर गंजली. मामी रविवारी माझं ताट वाढून स्वतः न जेवता बसायची.

काही आठवड्यांनी मी टपरीवर गेलो. रविवार म्हणून बाकी कोणीच नव्हतं. ताडपत्रीखाली मामा एकटेच डबा खात होते. मी म्हटलं, मामा, चुकलो. ते मान वर न करता म्हणाले, “चारचौघांत थोबाडीत मारायची आणि आडोशाला येऊन गाल चोळायचा? बेकार.”

म्हणजे काय करायचं ते मला तिथेच कळलं होतं. पण बढतीचा निर्णय व्हायचा होता. साहेबासमोर स्वतःला लहान करायची माझी छाती झाली नाही. बढती झाली. त्यानंतरही बरेच महिने गेले. असला मी.

पुन्हा अश्विन आला, पुन्हा झड. त्या शनिवारी मी टपरीवर एकेका कामगाराला गाठून उद्या या म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी किसणी घासली आणि स्वतः भुट्टे किसले. बोटं सोलली, कीस खाली लागला. तो डब्यात भरला, माथुरसाहेबांना आणि त्याच दोघांना गाडीत घातलं आणि गेटावर नेलं. साहेबांना वाटलं, एखादी नवी चाटची जागा असेल.

बाकावर मामा होते, शेजारी त्यांच्या खात्यातले जुने लोक. मी डबा मामांपुढे धरला. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं. “हिंग जाळलास,” म्हणाले. मग दुसरी चिमूट घेतली.

मी साहेबांना म्हटलं, गेल्या वर्षी आपण जेवायला आलात तेव्हा मी मामांबद्दल एक गोष्ट बोललो होतो.

“कौन सी बात?” साहेबांनी विचारलं. त्यांना आठवतच नव्हतं. म्हणजे ते वाक्य मला पुन्हा उच्चारावं लागणार होतं, आणि या वेळी त्या बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर. पाऊस ताडपत्रीवरून धारांनी गळत होता. मामा माझ्याकडे नाही, बंद गेटाकडे पाहत होते.

“मैंने कहा था, मिल बंद है, इनका तो रोज़ ही संडे है,” मी म्हणालो. कोणी हसलं नाही. “झूठ कहा था, सर. आपको हँसाने के लिए कहा था. इनका हफ़्ते में एक ही संडे था, वो भी मैंने छीन लिया.” मग मी मामांकडे वळलो. “मामा, माझं चुकलं. पुढच्या रविवारी घरी राहा.”

“भुट्टे देशी आण,” मामा गेटाकडे पाहतच म्हणाले, “हिंग मी घालीन.”