आईच्या हाताच्या गवऱ्या

लकव्यानं आईचा उजवा हात गेला आणि मला एकदम तिच्या गवऱ्या दिसायला लागल्या. जन्मभर ती शेण थापत आली, मी बघत आलो, पण दिसल्या त्या आता. गोठ्याच्या मागं कंबरेएवढा ढीग रचलेला होता. प्रत्येक गवरीवर तिची पाच बोटं उमटलेली, आणि त्यात ती वाकडी करंगळी, कधीकाळी विळ्यानं कापलेली. हात आता मांडीवर नुसता पडलेला असायचा. ढिगात मात्र तो धडधाकट होता.

मी ताडकळसजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. गावाच्या लेखी मी पेंटर, लग्नाच्या कमानीवर नावं लिहून देणारा. पण माझ्या डोक्यात मांडणशिल्पाचं खूळ होतं. रंग नको, कॅनव्हास नको, रोजच्या वस्तूच एखाद्या खोलीत अशा मांडायच्या की येणारा माणूस थबकला पाहिजे. मी बायकोला बजावलं, ह्या ढिगातली एकही गवरी चुलीत जाता कामा नये.

आईला ते पटेना. बाजेवरून ती जड जिभेनं म्हणायची, "आरं, जाळायसाठी केल्यात त्या. भिंतीला टांगून काय करायलास?"

"आई, लोक बघतील."

"लोकायनी शेण बघितलं न्हाई व्हय?"

थंडी पडली तेव्हा तिनं एकच धोशा लावला. हीटरच्या पाण्यानं अंगातला गारठा जात न्हाई, माझ्या गवऱ्यावर पाणी तापवा. "दोन गवऱ्या तर लागतेत." मी हीटरनं बादली गरम करायचो आणि चुलीवरचंच आहे म्हणून सांगायचो. धुराचा वास असलेलं पाणी कुठलं, नसलेलं कुठलं, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच! ती तोंड भिंतीकडं करायची.

पुण्यातल्या एका प्रदर्शनानं माझं काम घेतलं. चारी भिंतींवर छतापर्यंत गवऱ्या, मध्ये एक माणूस उभा राहील एवढीच जागा, सगळीकडून बोटं. पाटीवर मी लिहिलं होतं, 'शेण, भुसा, आईचा हात'. लोक खरंच थबकले. कुणी ठशात आपला हात ठेवून फोटो काढले. एक बाई रडल्या. मी हवेत होतो, आता सांगायला लाज वाटते. बायकोचा फोन यायचा, आई विचारतात कधी येणार. मी म्हणायचो, प्रदर्शन संपलं की निघतोच.

संपलं. गवऱ्या खोक्यांत भरल्या, टेम्पोत चढवल्या आणि सकाळी निघालो. जालन्याच्या पुढं आलो असेन, बायकोचा फोन आला. आई गेली होती.

टेम्पो घरापुढं थांबला तेव्हा सगळे माझ्यासाठीच खोळंबले होते. आमच्याकडं मयताच्या घरच्यांना कुणी काही विचारत नाही. बांबू, लाकडं, गवऱ्या, सगळं भावकी बघते. थोरल्या चुलत्यांनी टेम्पोत डोकावून एक खोकं उघडलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"शाणा हायेस बाबा. गवऱ्या कमीच पडायल्या व्हत्या. संगटच घेऊन आलास."

काय सांगणार होतो? ह्या जाळायच्या नाहीत म्हणून? आणि कुणासमोर, तिच्यासमोर? मी मान डोलावली. चार जणांनी खोकी उतरवून घेतली.

पहिल्या गवऱ्या अंगणातल्या तीन दगडांत गेल्या, तिच्या शेवटच्या आंघोळीच्या पाण्यासाठी. हिवाळाभर मागितलेलं पाणी तिला असं मिळालं. बायका ते तिच्या अंगावर ओतत होत्या आणि मी ओसरीच्या खांबाला धरून उभा होतो.

बाकीच्या मसणवट्यात रचल्या. एक गवरी मी उपरण्याखाली दडवली होती, करंगळी स्वच्छ उमटलेली. चुलत्यांना ती दिसली. त्यांनी हात पुढं केला.

"आण ती बी. उशाला जागा ऱ्हायली."

मी दिली. मग अग्नीही मीच दिला. गवऱ्या वाळलेल्या होत्या, भराभर पेटल्या. तिचा हात जपायचा म्हणून मी तिला दोन गवऱ्यांचं पाणी दिलं नाही, तिच्याशी खोटं बोललो, शेवटी जवळही नव्हतो. आणि तो हातही आता माझ्यासमोरच जळत होता.

घरी आलो. बायकोनं बादली भरून ठेवली होती. "हीटर लावते, गरम पाण्यानं आंघोळ करा," ती म्हणाली.

मी नको म्हणालो. गोठ्यामागं गेलो, तिथं चुरा तेवढा उरला होता. परत आलो आणि ते गार पाणी तसंच डोक्यावर ओतून घेतलं.